भाकरीचे भागीदार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

कॉम्प्युटरवरच्या खेळांविषयी बोलणं निघालं, की घरातली वडील मंडळी बहुधा कपाळाला हात लावतात. डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, हाती काही लागत नाही, ही तक्रार अगदीच खोटी नाही. पण त्या खेळांपैकी एक असा आहे, की इतिहासाच्या अभ्यासकानंही त्याच्याकडे जरा निरखून पाहावं. त्याचं नाव ‘माउंट अँड ब्लेड’. तुर्कस्तानातल्या अंकारा शहरात एका नवरा-बायकोनं सुरू केलेल्या लहानशा कंपनीनं तो तयार केला. २००८ मध्ये तो बाजारात आला, २०१० मध्ये ‘वॉरबँड’ या नावानं त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली आणि २०२२ मध्ये ‘बॅनरलॉर्ड’ हा पुढचा भाग पूर्ण स्वरूपात आला.

खेळातला देश काल्पनिक आहे, पण काळ युरोपच्या मध्ययुगासारखा. पाच-सहा राजे एकमेकांशी लढत असतात. खेळणारा मात्र राजा नसतो. त्याच्याकडे एक घोडा असतो, एखादं हत्यार असतं आणि कनवटीला थोडे दिनार. पुढं काय करायचं ते त्याचं त्यानं ठरवायचं. मग तो गावागावातल्या सरायांमध्ये, दारूच्या गुत्त्यांमध्ये जातो आणि सोबती जमवतो. ‘वॉरबँड’मध्ये असे सोळा सोबती आहेत. कुणी घरातून पळालेला सरदारपुत्र, कुणी वैद्य, तर कुणी तांडा लुटला गेल्यामुळे रस्त्यावर आलेला व्यापारी. त्यांना दर आठवड्याला पगार द्यावा लागतो, चांगलं खायला घालावं लागतं. जेवणात विविधता असेल तर पथक खूश, धान्य संपलं की कुरकुर सुरू. त्यांचं आपसातही जमत नाही. याला तो नको असतो, त्याला ती नको असते. तरी दोघांनाही सांभाळून घ्यावं लागतं.

एवढ्या लोकांच्या पगाराला पैसे आणायचे कुठून? लढाईतली लूट नेहमी मिळत नाही. म्हणून खेळणारा व्यापार करतो. जिथं मीठ स्वस्त तिथं मीठ घ्यायचं, जिथं महाग तिथं विकायचं. लोखंड, लोकर, रेशीम, मखमल, मसाले, तेल. एकाच बाजारात फार माल ओतला की भाव पडतो, हेही खेळ शिकवतो. वाटेत लुटारू भेटतात आणि मग पगार दिलेले तेच सोबती उपयोगी पडतात.

हा सगळा हिशेब खेळ करणाऱ्यांनी हवेतून काढलेला नाही. मध्ययुगात ज्याला नफा कमवायचा होता, त्याला दोन गोष्टी लागत: माल आणि माणसं. माल मिळवणं सोपं होतं. माणसं मिळवणं कठीण होतं, कारण माल घेऊन निघालेला माणूस डोंगराआड किंवा क्षितिजाआड गेला, की त्याच्यावर कुणाचीच नजर राहत नसे. आपण ‘विश्वास गेला पानिपतात’ असं म्हणून हात झटकतो. त्या काळच्या व्यापाऱ्याला तसं म्हणून चालत नव्हतं. विश्वास नसेल तर जहाज धक्क्यावरून हलतच नसे. या माणसांनी सोबती कसे निवडले, त्यांच्याशी वाटणी कशी केली आणि विश्वासाची किंमत कशी मोजली, हे आज आपण थोडं पाहू.

दोनशे आणि शंभर

सुरुवात व्हेनिसपासून करू. १०७३ सालच्या ऑगस्ट महिन्यातला एक करार आज उपलब्ध आहे. जिओव्हानी लिस्सादो नावाचा व्यापारी सेवास्तो ओरेफिचे नावाच्या गृहस्थाला हा करार लिहून देतो. ओरेफिचेनं दोनशे पौंड घातले आहेत, लिस्सादोनं शंभर. या रकमेतून एका जहाजात दोन हिस्से घेतले आहेत. लिस्सादो हा सगळा ऐवज घेऊन ग्रीसमधल्या थीब्ज शहराकडे जाणार. थीब्ज त्या काळी रेशमासाठी प्रसिद्ध होतं. परत आल्यावर प्रामाणिकपणे हिशेब द्यायचा आणि जो नफा होईल तो दोघांनी निम्मा-निम्मा वाटून घ्यायचा.

आता ही वाटणी नीट पाहा. तीनशेच्या भांडवलात लिस्सादोचा वाटा एक तृतीयांश, पण नफ्यात त्याला मिळणार अर्धा. मधला एक षष्ठांश भाग कशाचा? तो त्याच्या प्रवासाचा, घामाचा आणि जिवावरच्या धोक्याचा. ओरेफिचे व्हेनिसमध्ये आपल्या घरी राहणार, लिस्सादो समुद्रावर जाणार. म्हणून पैसा आणि श्रम यांचं गणित असं मांडलं आहे. ज्या करारात प्रवासी भागीदार स्वतःचं काहीच भांडवल घालत नसे, तिथं त्याला साधारणपणे नफ्याचा चौथा हिस्सा मिळे. जेनोआ, पिसा, व्हेनिस या सगळ्या बंदरांत असे करार होत. इटलीत त्याला ‘कोमेंदा’ म्हणत, व्हेनिसमध्ये ‘कोलेगांत्सा’. अरबी व्यापाऱ्यांमध्ये अशीच ‘मुदारबा’ किंवा ‘किराद’ नावाची पद्धत त्याआधीपासून होती.

करारातलं आणखी एक कलम महत्त्वाचं आहे. समुद्रानं किंवा शत्रूनं सगळं गिळलं, तर कुणी कुणाकडे काही मागायचं नाही. थोडंफार वाचलं, तर ज्यानं जेवढं घातलं त्या प्रमाणात वाटून घ्यायचं. मात्र लिस्सादोनं शब्द मोडला, तर त्यानं घरादारासह दुप्पट भरून द्यायचं. देवानं केलेलं नुकसान आणि माणसानं केलेली लबाडी यांच्यात इथं स्पष्ट रेघ ओढलेली आहे. खेळातल्या सोबत्याला पगार असतो. लिस्सादोला पगार नव्हता, वाटा होता. नोकर आणि भागीदार यांतला फरक व्हेनिसच्या लोकांनी साडेनऊशे वर्षांपूर्वी इतका बारकाईनं लिहून ठेवला होता.

एडन आणि मंगळूर

व्हेनिसचं जहाज काही महिन्यांत परत येई. पण भागीदार दुसऱ्या खंडात कायमचा जाऊन राहिला असेल तर? याचं उत्तर आपल्याच समुद्राकाठी मिळतं. अब्राहम बेन यिजू हा उत्तर आफ्रिकेतल्या महदिया गावचा ज्यू व्यापारी. तो आधी एडनला आला आणि तिथून मंगळूरला. ११३२ ते ११४९ या काळात त्याचं बरंचसं आयुष्य मलबारच्या किनाऱ्यावर गेलं. आशू नावाच्या स्थानिक स्त्रीशी त्यानं संसार मांडला. त्याला मंगळूरमधून मिरी, लोखंड, सुपारी एडनला पाठवायची असे. त्याचा एक पितळकामाचा कारखानाही होता. एडनचे लोक जुनी तांब्या-पितळेची भांडी आणि धातू पाठवत, सोबत वजनासह तपशील कळवत आणि बेन यिजू नवी भांडी घडवून परत पाठवत असे.

हे आपल्याला ठाऊक आहे ते त्याच्या पत्रांमुळे. ज्या कागदावर देवाचं नाव आलं असेल तो नष्ट करायचा नाही, अशी ज्यू समाजात रीत. त्यामुळे जुन्या कैरोतल्या एका प्रार्थनामंदिराच्या कोठीत शेकडो वर्षांचे कागद साठत गेले. १८९६-९७ मध्ये त्यांचा मोठा भाग केंब्रिजला नेण्यात आला. पुढं एस. डी. गोइटाइन या विद्वानानं आयुष्य खर्चून त्यातली व्यापारी पत्रं वाचली. अमिताव घोष यांच्या ‘इन अ‍ॅन अँटिक लँड’ या १९९२ मधल्या पुस्तकामुळे बेन यिजू आणि त्याचा माणूस बोम्मा भारतीय वाचकांच्या ओळखीचे झाले.

हा बोम्मा कायद्यानं बेन यिजूचा गुलाम होता. पण मालाबरोबर एडनला जाणं, पैसे घेणं, खरेदी करणं, हिशेब आणणं ही कामं तो करी. आजच्या भाषेत मुखत्यारच. एडनमध्ये असताना तो दारू पिऊन पेढीवर आला आणि आणखी पैसे मागू लागला, अशी तक्रार तिथल्या मदमून नावाच्या मोठ्या व्यापाऱ्यानं एका पत्रात केली आहे. तरीही बेन यिजूनं त्याला काढून टाकलं नाही आणि नंतरच्या पत्रांत एडनचे व्यापारी त्याच बोम्माला मानाच्या शब्दांत सलाम कळवताना दिसतात.

दुसरा अनुभव उलटा. मलबारच्या किनाऱ्यावरच्या एका व्यवहाऱ्यानं वेलदोड्यासाठी आगाऊ रक्कम घेतली आणि माल दिला नाही. पत्रांत त्याचा उल्लेख ‘कारदार’ असा येतो. आपल्या कानाला हा शब्द किती ओळखीचा वाटतो! एडनचे भागीदार त्या रकमेसाठी पत्रामागून पत्र पाठवत राहिले. पण फौज पाठवणं शक्य नव्हतं, कोर्टकचेरीचा हातही समुद्रापार पोहोचत नव्हता. त्यांच्याजवळ एकच हत्यार होतं: बदनामीचा धाक. या माणसानं पैसे बुडवले हे चार बंदरांत कळलं, की त्याच्याशी पुन्हा कोण व्यवहार करणार?

या पत्रांतली एक गोष्ट मनात राहते. हिशेब झाला, की शेवटी भेटवस्तूंची यादी येते. साखर, मनुका आणि विशेष म्हणजे कोरे कागद. परदेशात राहणाऱ्या मित्राला लिहायला चांगला कागद मिळत नाही, याची एडनच्या मित्रांना आठवण असे. करारात याची तरतूद नव्हती. पण हे संबंध टिकले ते या लहानसहान गोष्टींमुळे.

एका चुलीवरची कंपनी

एडन-मंगळूरच्या व्यापारात मैत्रीचा आधार होता. इटलीतल्या आतल्या शहरांनी, विशेषतः फ्लॉरेन्सनं, निराळा मार्ग काढला. तिथं भाऊ, चुलते, पुतणे एकत्र येऊन अनेक वर्षांसाठी पेढी काढत. तिला ‘कोम्पान्या’ म्हणत. हा शब्द लॅटिनमधल्या दोन शब्दांपासून आला आहे. ‘कुम’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे पाव, भाकरी. सोबत बसून भाकरी खाणारे, ते ‘कोम्पान्या’. आपण ‘एका चुलीवरचे’ म्हणतो, तसंच. इंग्रजीतून आपल्याकडे आलेला ‘कंपनी’ हा शब्द मुळात या भाकरीचा आहे.

एका चुलीवर जेवण्यात सुख होतं, तशी जबाबदारीही होती. पेढी बुडाली तर प्रत्येक भागीदाराचं घरदार जप्त होऊ शकत असे. फ्लॉरेन्सच्या पेरुत्सी आणि बार्दी या युरोपातल्या सगळ्यांत मोठ्या पेढ्या. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याला त्यांनी अफाट कर्ज दिलं आणि फ्रान्सबरोबरच्या युद्धात ते अडकलं. १३४३ मध्ये पेरुत्सी बुडाले, १३४६ मध्ये बार्दी. बुडण्याला इतरही कारणं होती, असं आजचे इतिहासकार सांगतात. पण परिणाम एकच झाला, हजारो ठेवीदार रस्त्यावर आले. या घटनांचा वृत्तान्त लिहिणारा बखरकार जिओव्हानी व्हिल्लानी स्वतः अशाच एका बुडालेल्या पेढीचा भागीदार होता आणि त्यापायी तुरुंगात गेला होता.

प्रातोचा व्यापारी

हा धडा पाहत जी पिढी वाढली, तिच्यात फ्रांचेस्को दातिनी होता. फ्लॉरेन्सजवळच्या प्रातो गावचा. जन्म १३३५ च्या सुमाराचा. १३४८ च्या प्लेगनं त्याचे आईवडील नेले. पंधराव्या वर्षी, १३५० मध्ये, तो फ्रान्समधल्या आव्हिन्यों शहरात गेला. तेव्हा पोप रोममध्ये नव्हते, आव्हिन्योंत राहत होते. त्यामुळे तिथं पैशाला तोटा नव्हता. दातिनी चिलखतं आणि शस्त्रं विकू लागला. १३६७ मध्ये त्यानं तोरो दि बेर्तो याच्याबरोबर भागीदारी केली, दोघांनी प्रत्येकी अडीच हजार सोन्याचे फ्लोरिन घातले. १३८३ च्या सुरुवातीला तो गावी परतला, तेव्हा चांगला सधन झाला होता.

त्यानंतर त्यानं जी रचना केली ती शहाणपणाची होती. प्रातो, पिसा, फ्लॉरेन्स, जेनोआ, आव्हिन्यों, बार्सिलोना, व्हॅलेन्सिया, मायोर्का अशा ठिकाणी त्याचा व्यवहार होता. पण ही एक अवाढव्य पेढी नव्हती. साधारणपणे प्रत्येक ठिकाणची कंपनी वेगळी, तिचे भागीदार वेगळे, वह्या वेगळ्या. एक बुडाली तर बाकीच्यांना धक्का कमी. बार्दींच्या राखेतून घेतलेला हा धडा. स्थानिक भागीदार बहुधा असा असे, की ज्याच्याकडे पैसा थोडा पण अक्कल भरपूर. त्याला नफ्यात वाटा मिळे. त्याबदल्यात त्यानं पूर्ण वेळ याच कामाला द्यायचा.

खेळात मीठ उचललं, दुसऱ्या गावी विकलं, की दोन मिनिटांत नफा. दातिनीच्या कागदपत्रांतून एका व्यवहाराचा सगळा माग अभ्यासकांनी काढला आहे. १३९४ च्या नोव्हेंबरमध्ये मिनोर्का बेटावरच्या लोकरीची मागणी नोंदवली गेली. मेंढ्या कातरून, जहाजातून, नदीतून, खेचरांच्या पाठीवरून ती लोकर प्रातोला पोहोचली तेव्हा १३९६ उजाडलं होतं. ती निवडली, धुतली, पिंजली, कातली, विणली, रंगवली. त्यातून सहा ठाण कापड झालं. ते डोंगर ओलांडून व्हेनिसला, तिथून जहाजानं मायोर्काला गेलं. तिथं लगेच गिऱ्हाईक मिळेना, म्हणून काही माल व्हॅलेन्सिया आणि उत्तर आफ्रिकेकडे धाडला. शेवटचा तुकडा विकला गेला १३९८ मध्ये. साडेतीन वर्षं लागली आणि नफा सुमारे नऊ टक्के. तो साडेतीन वर्षांचा. एवढ्या वेळात किती हातांवर विश्वास टाकावा लागला असेल, याचा विचार करा.

तो विश्वास दातिनीनं पत्रांनी राखला. रात्र-रात्र बसून तो लिहीत असे. भागीदारांना शिव्या, उपदेश, भावांची चौकशी, जहाजांची चिंता. बायको मार्गेरीता प्रातोचं घर चालवी आणि हा फ्लॉरेन्सला असे. तिलाही पत्रं लिहून तो पिंपांपासून खेचरांपर्यंत सगळ्याच्या सूचना करी. तिनंही मोठेपणी स्वतः लिहायला शिकून त्याला खणखणीत उत्तरं दिली. ही सुमारे दीड लाख पत्रं, पाचशेहून अधिक हिशेबवह्या आणि तीनशेच्या आसपास भागीदारीचे करार १८७० मध्ये त्याच्याच वाड्याच्या जिन्याखाली सापडले.

‘वॉरबँड’मधले सोबती मरत नाहीत. लढाईत पडले तर जखमी होतात, फार तर शत्रूच्या हाती सापडतात, काही दिवसांनी परत येतात. दातिनीचे सोबती मर्त्य होते. १४०० साली पुन्हा प्लेग आला. दातिनी घरच्यांना घेऊन बोलोन्याला निघून गेला. मागं राहिलेले त्याचे जिवाभावाचे भागीदार एकामागून एक गेले. पिसाचा गेला, जेनोआचा गेला, प्रातोच्या लोकर-पेढीचा गेला. नव्यानं काढलेली बँक भागीदार वारल्यामुळे बंद करावी लागली. चाळीस वर्षांत जमवलेली माणसं काही महिन्यांत संपली. त्यानंतर तो पूर्वीसारखा उभा राहिला नाही.

१४१० च्या ऑगस्टमध्ये दातिनी वारला. औरस संतती नव्हती. लापो मात्सेई या नोटरी मित्रानं पूर्वीपासून त्याच्यामागं लकडा लावला होता, की फ्रांचेस्को, आता पैशाचं ओझं उतरव. मृत्युपत्रात त्यानं सत्तर हजारांहून अधिक फ्लोरिनची संपत्ती प्रातोच्या गरिबांसाठी ठेवली. फ्लॉरेन्समध्ये टाकून दिलेल्या मुलांसाठी एक हजार फ्लोरिन दिले. त्यातून पुढं ‘इन्नोचेन्ती’ हे प्रसिद्ध अनाथालय उभं राहिलं.

भाल्यांचा हिशेब

खेळात व्यापार करणारा आणि लढणारा माणूस एकच असतो. इटलीत हे दोघं वेगळे होते, पण दोघांच्या संघटनेला शब्द एकच होता: कंपनी. १३६० मध्ये इंग्लंड-फ्रान्सचा तह झाला आणि हजारो शिपाई बेकार झाले. ते टोळ्या करून आव्हिन्योंच्या आसपास लूटमार करू लागले. पोपनं पैसे देऊन त्यांना इटलीकडे वळवलं. १३६१ मध्ये इटलीत उतरलेल्या ‘व्हाइट कंपनी’चं नेतृत्व लवकरच जॉन हॉकवुड नावाच्या इंग्रज माणसाकडे आलं. इटालियन लोक त्याला ‘जिओव्हानी अकुतो’ म्हणत.

या सैनिकी कंपन्यांचा कारभार पेढीसारखाच होता. शहराबरोबर करार होई, त्याला ‘कोंदोत्ता’ म्हणत. करार करणारा नायक तो ‘कोंदोत्तिएरे’. किती महिने चाकरी, पगार किती, मुदत वाढवायची तर कशी, घोडा मेला तर भरपाई किती, लुटीत वाटा कुणाचा, सगळं लिहिलेलं. शिपाई मोजायचे ते ‘भाल्यां’वर. एक भाला म्हणजे तीन माणसं: चिलखती स्वार, त्याचा जोडीदार आणि एक पोरगा. आपल्याकडच्या शिलेदार-बारगिरांची आठवण व्हावी असा हा तपशील.

फरक इतकाच, की पेढीच्या कंपनीला नफा माल विकून मिळे आणि या कंपनीला तो भीती विकून मिळे. १३७५ मध्ये हॉकवुड आपल्यावर चालून येऊ नये म्हणून फ्लॉरेन्सनं त्याला एक लाख तीस हजार फ्लोरिन दिले. दातिनीनं आयुष्यभर कमावून मागं ठेवले त्याच्या जवळजवळ दुप्पट! आणि १३७७ च्या फेब्रुवारीत चेझेना गावात पोपच्या प्रतिनिधीच्या हुकुमावरून भाडोत्री फौजांनी हजारो रहिवासी कापून काढले, त्यांत हॉकवुडचे लोक होते. तोच हॉकवुड पुढं फ्लॉरेन्सचा एकनिष्ठ सेनापती झाला. १३९४ मध्ये तो वारला तेव्हा शहरानं थाटाची अंत्ययात्रा काढली. तिथल्या कॅथेड्रलच्या भिंतीवर पाओलो उच्चेल्लोनं १४३६ मध्ये रंगवलेलं त्याचं घोड्यावरचं चित्र आजही पाहायला मिळतं. चेझेनाच्या मेलेल्यांना असं चित्र मिळालं नाही.

हॉकवुडसारख्यांचे पगार भरण्यासाठी फ्लॉरेन्स आपल्या व्यापाऱ्यांवर कर बसवी. दातिनी त्या करांनी हैराण झाला होता. म्हणजे एका कंपनीची भाकरी दुसरी कंपनी खात होती.

कंपनी सरकार

हे सगळं दूरच्या इटलीतलं, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो आपल्या भाषेतच आहे. १६०० सालच्या ३१ डिसेंबरला लंडनच्या व्यापाऱ्यांच्या एका कंपनीला पूर्वेकडे व्यापार करण्याची सनद मिळाली. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजानं वर्षाला दहा पौंड भाड्यानं तिला मुंबई दिली. सुरुवातीला ही भाकरीवाली कंपनी होती. मिरी, कापड, नीळ. गोदामाच्या राखणीला शिपाई ठेवले. मग शिपायांच्या पगारासाठी महसूल हवा झाला आणि महसुलासाठी मुलूख. पेढी आणि फौज एका छपराखाली आली. १८१८ मध्ये पेशवाई संपली ती एखाद्या राजाच्या हातून नव्हे, एका व्यापारी कंपनीच्या हातून. आपल्या पणजोबांच्या तोंडी ‘कंपनी सरकार’ हा शब्द रुळला. त्यातली विसंगती त्यांना जाणवली असेल की नाही, कुणास ठाऊक. १८५८ मध्ये तिचा कारभार राणीनं काढून घेतला.

लिस्सादो आणि ओरेफिचे एकमेकांना ओळखत होते. बेन यिजूच्या मित्रांना त्याच्याकडे कागद नाही हे माहीत होतं. दातिनीला प्रत्येक भागीदाराची खोड ठाऊक होती आणि ते गेले तेव्हा त्याचं मन मोडलं. लंडनमध्ये बसून कंपनीचे हिस्से विकत घेणाऱ्याला मात्र पुण्याचं किंवा मुर्शिदाबादचं काय झालं हे पाहावं लागत नव्हतं. त्याच्यासमोर फक्त नफ्याचा आकडा येई. भाकरी सोबत खाणं थांबलं आणि शब्द तेवढा राहिला. कंपनी मोठी होणं वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. तशा कंपन्यांशिवाय आजचं जग चालणार नाही. पण नफा एकीकडे आणि धोका दुसरीकडे अशी वाटणी झाली, की धोका सोसणाऱ्याचं तोंड नफा घेणाऱ्याला दिसत नाही. १०७३ च्या त्या दोन व्हेनिसकरांनी हीच गोष्ट टाळण्यासाठी एवढी कलमं लिहिली होती.

तेव्हा घरातला मुलगा किंवा मुलगी असा खेळ खेळताना दिसली, तर जरा शेजारी बसून विचारून पाहा. तुझ्या पथकात कोण आहे? त्यांना पगार देतोस की वाटा? माल बुडाला तर तोटा कुणाचा? खेळात या प्रश्नांना फारसं उत्तर नाही. पण पुढं तो मित्राबरोबर एखादा धंदा काढील, दुकान टाकील, नोकरीत दहा माणसं हाताखाली घेईल, तेव्हा हेच प्रश्न त्याच्यासमोर येतील. त्यांची उत्तरं शोधताना माणसांनी केलेल्या खटपटींचे कागद प्रातोच्या जिन्याखाली आणि कैरोच्या कोठीत शेकडो वर्षं पडून होते, एवढं त्याला तेव्हा आठवलं तरी पुरे.